अर्ध्या फाइलचं पाणी

बदलापूरच्या मांजर्लीतल्या 'उल्हासतीर' सोसायटीच्या पाण्याचं काम चिंतामणी देवस्थळींनी अंगावर घेतलं, ते कोणी सांगितलं म्हणून नव्हे. कोणी सांगितलं नाही, याचाच त्यांना राग आला होता. सोमा वॉचमन नोकरी सोडून कायमचा गावी गेला आणि पंपाच्या खोलीतले तीन व्हॉल्व्ह कधी, किती फिरवायचे हे ज्ञानही बरोबर घेऊन गेला. तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी उन्मेष ठोसर यांनी ग्रुपवर विचारलं, पाण्याचं काय करायचं ते कोणी जाणकार सुचवेल का. आता देवस्थळी म्हणजे अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन खात्याचे अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. कुठल्या टाकीतला कुठला द्रव कुठे जाणार हे त्यांच्या सहीने ठरायचं. असा माणूस ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर बसलेला असताना जाणकार म्हणून गावभर हाळी द्यावी लागते, हे त्यांना लागलं. सुचवायचं कशाला, मीच करतो, असं त्यांनी लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मीनलताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, तो फोन बघून म्हणाल्या, लोकांनी अंगठे दाखवलेत एवढं लक्षात असू द्या.

देवस्थळींच्या डोक्यात व्हॉल्व्ह हाताने फिरवणं बसतच नव्हतं. ते काम यंत्राचं. यंत्रासाठी खरेदी आली, खरेदीसाठी ठराव आला, ठरावासाठी तीन दुकानांची कोटेशनं आली. देवस्थळींना दुकान एकच माहीत होतं, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधलं. तिथल्या सिंधी दुकानदाराने त्यांची अडचण ऐकून घेतली आणि शेजारच्या दोन दुकानांची लेटरहेडं काढून तिन्ही कोटेशनं स्वतःच लिहून दिली, त्यातलं स्वतःचं सगळ्यांत स्वस्त. देवस्थळींना हे रुचलं नाही. आयुष्यभर त्यांनी खरेदी-खात्यातल्या असल्याच गोष्टींवर शेरे मारले होते. पण बाहेर रिक्षा थांबली होती. दुकानदाराने विजेवर फिरणारे व्हॉल्व्ह आणि साबणाच्या डबीएवढा एक कॉम्प्युटर पिशवीत भरला आणि सांगितलं, "इसमें खराब होने जैसा कुछ है ही नहीं, अंकल. खराब हुआ तो ले आना."

ही डबी पंपाच्या खोलीत, मागच्या पुराच्या पाण्याने भिंतीवर ठेवलेल्या रेघेच्या वर ठोकण्यात आली. मांजर्लीत भिंतीवर काहीही ठोकायचं तर ती रेघ आधी बघावी लागते. डबीला वीज, कीबोर्ड आणि ठोसरांच्या घरातला जुना टीव्ही जोडला, की झाली यंत्रणा उभी.

तिच्यात घालायचा प्रोग्रॅम देवस्थळींच्या मुलीने लिहिला. ऋता पुण्याला एका कंपनीत ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातलं काम करते. म्हणजे आपण 'सेव्ह' म्हणतो तेव्हा फाइल डिस्कवर नेमकी कशी उतरते, हे बघणं तिचं काम. देवस्थळी लोकांना नुसतं 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगत, कारण पुढचं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ती शनिवार-रविवार आली, प्रोग्रॅम लिहिला आणि बाबांना समजावून गेली. डबीत 'वेळा' नावाची एक फाइल आहे. तिच्यात एकेका विंगसाठी एकेक ओळ, पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं. डबी ती फाइल दर मिनिटाला वाचते आणि जे लिहिलंय तसं करते. ज्या विंगची ओळ नाही, तिचा व्हॉल्व्ह बंद. प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, वेळा मात्र खुशाल बदलायच्या.

वेळा बदलाव्या लागणारच होत्या. बाहेरून पाणी नेमकं कधी येतं ते लेखी मिळावं म्हणून देवस्थळी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेले होते. तिथल्या कारकुनाने, साहेब, वेळ नसते, दाब असतो, असं तोंडी सांगितलं. देवस्थळींनी रीतसर अर्ज दिला. त्याचं रीतसर उत्तर आलं, जावक क्रमांकासह, की पाणीपुरवठा उपलब्ध दाबानुसार होतो. शेवटी पाणीपुरवठ्याच्या लाइनच्या चाव्या फिरवणाऱ्या अनंताचा फोन नंबर त्यांनी मिळवला. तो बिचारा सरळ सांगायचा, आज लवकर सोडतो, उद्या उशिरा. पाणी यायचं ते अर्धा-पाऊण तास, त्यामुळे अनंताचा फोन आला की देवस्थळी जिना उतरून पंपाच्या खोलीकडे निघत. त्यांची ती चाल बघून ए विंगमधल्या बायका नळाखाली बादल्या लावत.

इथवर सगळं छान होतं. घोटाळा झाला तो देवस्थळींच्या शिस्तीमुळे.

कारखान्यात प्रत्येक पाळीच्या सूचना एका मोठ्या फळ्यावर लिहिल्या जात. जुन्या सूचनेत खाडाखोड करून नवी लिहिली आणि कोणी भलतंच वाचलं तर लाखो रुपयांचा रंग वाया, म्हणून देवस्थळींनी स्वतः परिपत्रक काढलं होतं की आधी फळा स्वच्छ पुसावा आणि मगच नवं लिहावं. पुसलेला फळा बघितल्यावर पाळीचा माणूस थांबतो, सूचना यायच्या आहेत असं समजतो, विचारतो. हाच नियम त्यांनी फाइलला लावला. फाइल उघडायची, आतलं सगळं पुसायचं, सेव्ह करायचं. मग ए विंगची ओळ टाइप करायची, सेव्ह करायचं. प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करावं हे त्यांना ज्येष्ठ नागरिकांच्या संगणक वर्गात शिकवलं होतं आणि त्या वर्गातून मन लावून शिकलेले ते एकटेच होते. मग चष्मा पुसायचा, बी विंगची वेळ नक्की काय ठरली याचा मनाशी हिशोब करायचा, शंका आली तर अनंताला पुन्हा फोन लावायचा. टायपिंग एका बोटाने.

तोवर डबी दर मिनिटाला फाइल वाचत होती. फाइलमध्ये एकच ओळ होती, ए विंगची. डबीने बी आणि सी बंद केले आणि होतं नव्हतं ते पाणी ए विंगला दिलं. सी विंगची ओळ लिहून होईपर्यंत पाणी जायची वेळ व्हायची.

सी विंगमध्ये हिरामणशेठ राहत. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची, त्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटांमध्ये ते, त्यांच्या आई बनूबाई आणि बाकीचं कुटुंब असा सगळा मजलाच त्यांचा. हिरामणशेठनी चार दिवस वाट पाहिली, मग जिन्यात देवस्थळींना गाठलं. ते आवाज चढवत नाहीत, हेच त्यांच्याबाबतीत घाबरण्यासारखं.

"साहेब, सोमा दारू प्यायचा, पण आम्हाला पानी यायचं," ते म्हणाले. "तुमी पीत नाय, आनि तुमच्याच विंगला पानी. याला काय म्हनायचं, ते तुमीच सांगा."

साऱ्या नोकरीत देवस्थळींनी कारखान्याची पेन्सिल घरी आणली नव्हती, आणि आता जिन्यात त्यांना जवळजवळ पाणीचोर म्हटलं गेलं होतं. संध्याकाळी ते जेवले नाहीत. मीनलताईंनी दोनदा विचारलं आणि मग त्यांच्या वाटची पोळी झाकून ठेवली.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. बनूबाईंनी निरोप पाठवला की पंपाला नारळ दिला नाही, म्हणून हे होतंय. बी विंगमधल्या एका बाईंचं मत, पंपाच्या खोलीत कॅमेरा लावावा, म्हणजे देवस्थळी आत काय करतात ते कळेल. ठोसरांना ग्रुपवर मतदान घ्यावंसं वाटलं, पण कशावर ते ठरेना. देवस्थळींनी नारळ फोडला, कॅमेऱ्याला विरोध केला, आणि मुलीला फोन लावला.

ऋताने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे बाबा, तुम्ही फाइल पुसता आणि कोरीच सेव्ह करता? त्या वेळी डबी काय वाचणार?"

"कोरी फाइल. सूचना यायच्या आहेत असं समजेल ती."

"तिला 'यायच्या आहेत' असं काही समजत नाही. जे आहे तेच तिच्यासाठी पूर्ण."

देवस्थळींना हे पटलं आणि पटल्याचं थोडं दुःखही झालं, कारण परिपत्रक चांगलं होतं. ऋता पुढचं काही सांगत होती, पण त्यांनी तिला थांबवलं. मुद्दा त्यांच्या लक्षात आला होता. मध्ये मध्ये सेव्ह करायचं नाही. सगळ्या ओळी आधी टाइप करून घ्यायच्या आणि शेवटी एकदाच सेव्ह. मुद्दा अर्धाच लक्षात आला होता, पण तेव्हा हे बापलेकींपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

काही दिवस तिन्ही विंगांना पाणी आलं. देवस्थळी जिन्यात ताठ चालू लागले. मग एका सकाळी त्यांनी ओळी टाइप केल्या, सेव्ह केलं आणि नेमके त्याच क्षणी दिवे गेले. बदलापुरात दिवे जाण्याला कोणी घटना म्हणत नाही. दिवे परत आले, पंप सुरू झाला आणि कुठल्याच विंगला पाण्याचा थेंब आला नाही. देवस्थळींनी फाइल उघडली तर ती रिकामी. जुन्या वेळा गेल्या होत्या, नव्या आल्या नव्हत्या.

मनातून त्यांना एक समाधान होतं. ए विंगसुद्धा कोरडी राहिली, म्हणजे निदान निःपक्षपातीपणा तरी सिद्ध झाला. पण मीनलताईंनी संसारी बाईच्या सवयीने आदल्या दिवशी पिंप भरून ठेवलं होतं, आणि सगळी सोसायटी कोरडी असताना त्या गॅलरीत साड्या पिळून वाळत घालत होत्या. ते सी विंगने पाहिलं. दुपारपर्यंत त्या साड्यांचा फोटो ग्रुपवर आला.

आता ठोसर इन्व्हर्टर घेऊ या म्हणून मागे लागले. ऋता म्हणाली, इन्व्हर्टर खुशाल घ्या, पण दुखणं ते नाही. तुमचा एडिटर, म्हणजे तुम्ही ज्यात टाइप करता तो प्रोग्रॅम, सेव्ह करताना काय करतो, तर तुम्ही आधी करत होतात तेच. जुनी फाइल आधी रिकामी करतो आणि मग तिच्यात नवं भरतो. त्या दोन्हींच्या मध्ये दिवे गेले की हातात रिकामी फाइल. तेव्हा जुन्या फाइलला हातच लावायचा नाही. नवी फाइल तिच्या शेजारी वेगळ्या नावाने लिहायची, समजा 'वेळा-नवी'. ती पुरी लिहून झाली की तिचं नाव बदलून 'वेळा' करायचं. त्या नावाची जुनी फाइल आपोआप बाजूला होते. हे नाव बदलणं ऑपरेटिंग सिस्टिम कधी अर्धवट सोडत नाही. वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी दिसते, नाहीतर पूर्ण नवी. मधलं काही नसतंच.

आणि आणखी एक. सेव्ह म्हटलं की मजकूर लगेच डिस्कवर जातो असं नाही. सिस्टिम तो आपल्याजवळ ठेवून घेते आणि सवडीने लिहिते. म्हणून नाव बदलण्याआधी तिला, हे आत्ता खरोखर लिही, असं वेगळं बजावायचं आणि ती हो म्हणेपर्यंत थांबायचं. हे मात्र देवस्थळींना लगेच कळलं. अर्जावर आवक शिक्का बसला म्हणजे काम झालं असं नाही, हे पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात त्यांनी नुकतंच अनुभवलं होतं.

मी येऊन सगळं एका बटणावर करून देते, असं ऋता म्हणाली. देवस्थळी नको म्हणाले. मुलीने येऊन निस्तरून दिलं हे सोसायटीला कळलं असतं, तर जिना चढणं कठीण झालं असतं. आणि मग त्यांनी पुन्हा आपली शिस्त आणली. चालू मालाच्या खोलीत चाचणीचा माल ठेवायचा नाही, हा कारखान्याचा नियम. खरी फाइल आणि कच्ची फाइल एकाच डबीत शेजारी शेजारी? त्यांना ते अस्वच्छ वाटलं. ते उल्हासनगरला गेले, त्याच दुकानातून एक पेन ड्राइव्ह आणला, आणि 'वेळा-नवी' पेन ड्राइव्हवर लिहून तिथून डबीत हलवायची असं ठरवलं. शिवाय माणुसकी म्हणून या वेळी सी विंगची ओळ सगळ्यांत वर घातली. पेन ड्राइव्ह दुकानदाराने डिस्काउंटमध्ये दिला होता आणि तो डिस्काउंटच्याच वेगाने चालायचा.

फाइल हलत असताना निम्म्यावर अडकली. डबीने तेवढ्यात वाचली ती सी विंगची एकटी ओळ, आणि तिच्यातलीही बंद करायची वेळ अजून पेन ड्राइव्हवरच राहिली होती. सी विंगचा व्हॉल्व्ह उघडला तो उघडाच राहिला. सी विंगच्या गच्चीवरची टाकी भरली, वाहिली आणि बनूबाईंनी वर्षाच्या मसाल्यासाठी वाळत घातलेल्या मिरच्या तरंगत पन्हळीकडे निघाल्या.

देवस्थळी स्वतः गच्चीवर गेले. बनूबाई पदर खोचून सुपात मिरच्या वेचत होत्या. देवस्थळी वाकून वेचायला लागले, तशी त्यांनी हात नुसता आडवा केला. "ऱ्हाऊ द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमी हात लावलात का काय तरी व्हतंच." देवस्थळी ओल्या चपलांनी खाली आले. त्यांना इतकं वाईट वाटलं की डबीचा प्लग काढून ती उल्हासनगरला परत द्यावी आणि व्हॉल्व्ह हाताने फिरवत बसावं असं त्यांच्या मनात आलं.

हिरामणशेठनी सह्या गोळा केल्या. रविवारी संध्याकाळी विशेष सर्वसाधारण सभा, विषय पहिला : श्री. देवस्थळी यांना पाण्याच्या कामातून दूर करणे व त्यांच्या कारभाराची चौकशी करणे. विषय दुसरा, पार्किंग. 'कारभार' हा शब्द वाचून देवस्थळी खुर्चीत बसले. त्याच रविवारी दुपारी सी विंगमध्ये हिरामणशेठच्या मुलीचं, अक्षदाचं, डोहाळजेवण होतं. तिच्या सासरची माणसं पालेगावहून यायची होती. त्या दिवशी सी विंग कोरडी राहिली असती, तर संध्याकाळी सभेत देवस्थळींना चोर ठरवायला चौकशीसुद्धा लागली नसती.

त्यांनी ऋताला फोन केला आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकलं.

"पेन ड्राइव्ह आणि डबी ही दोन वेगळी घरं आहेत, बाबा," ती म्हणाली. "एका घरात दारावरची पाटी बदलायला क्षण पुरतो. या घरातून त्या घरात जायचं तर सामान हलवावंच लागतं, एकेक खोकं. मध्ये थांबलं की अर्धं इकडे, अर्धं तिकडे. नवी फाइल जुनीच्या शेजारीच हवी, त्याच डिस्कवर, त्याच फोल्डरमध्ये."

"म्हणजे कच्चं आणि पक्कं एकत्र."

"एकत्र. कच्चं कोणी वाचतच नाही, कारण त्याचं नाव 'वेळा' नाही ना."

मग देवस्थळींनी जे केलं ते खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, कारण कारखान्यात ते हेच करत. त्यांनी चाचणी घेतली. डबी घरी आणून जेवणाच्या टेबलावर मांडली, खोट्या वेळांची फाइल केली आणि मीनलताईंना भिंतीवरच्या बटणापाशी उभं केलं. ते फाइल बदलायला घेत आणि मध्येच म्हणत, "बंद." मीनलताई बटण बंद करत. मग पुन्हा चालू करून फाइल बघायची, जुनी आहे की नवी. कधी लिहिताना बंद, कधी नाव बदलण्याच्या आधी, कधी नंतर. मीनलताईंचा वरण-भात दोनदा खाली लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही मला एकाच दिवसात इतक्या वेळा कधी हाक मारली नव्हती, असं त्या म्हणाल्या, आणि पुढच्या हाकेला पुन्हा बटणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

दर वेळी एक तर पूर्ण जुनी फाइल निघाली, नाहीतर पूर्ण नवी. एकदाच गडबड झाली. नाव बदललेलं होतं आणि आत काहीच नव्हतं. देवस्थळी फाइल पुन्हा पुन्हा उघडून बघू लागले. मीनलताईंनी विचारलं, मघाशी तुम्ही ते बजावणं वगैरे काय म्हणत होतात, ते या वेळी केलंत का? केलं नव्हतं. मजकूर डिस्कवर उतरण्याआधीच त्यांनी पाटी बदलली होती. पुढच्या वेळेपासून ते मोठ्याने म्हणू लागले, आधी लिहा, मग बजावा, मग पाटी. रविवार उजाडेपर्यंत मीनलताईंनाही ते पाठ झालं आणि डबी परत पंपाच्या खोलीत गेली.

रविवारी अनंताचा फोन आला. वरची लाइन दुरुस्तीला घेतलीय, आज नेहमीच्या वेळी पाणी नाही, आत्ताच सोडतोय. देवस्थळी पंपाच्या खोलीत पोचले तेव्हा सी विंगमधून बायकांच्या गाण्याचा आवाज यायला लागला होता. पाट-रांगोळी झाली असावी. त्यांनी जुन्या 'वेळा'ला हात लावला नाही. शेजारी 'वेळा-नवी' उघडली आणि एका बोटाने टाइप करू लागले. सी, मग बी, मग ए. बी विंगच्या ओळीवर दिवे गेले.

खोलीत अंधार झाला. देवस्थळी भिंतीला धरून उभे राहिले. त्यांना हिरामणशेठचा आवाज न चढवता बोलणारा चेहरा दिसला, पालेगावचे व्याही हात धुवायला उठलेले दिसले, आणि संध्याकाळची सभा दिसली. त्यांनी देवाचं नाव घेतलं, जे त्यांनी कारखान्यात रिॲक्टरसमोरही कधी घेतलं नव्हतं.

दिवे आले. 'वेळा' जशीच्या तशी होती, सगळ्या ओळींसकट. शेजारी 'वेळा-नवी' अर्धी पडली होती आणि डबीने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. देवस्थळींनी अर्धी फाइल काढून टाकली, नव्याने पूर्ण लिहिली, दोनदा वाचली, सिस्टिमला बजावलं, ती हो म्हणेपर्यंत थांबले आणि पाटी बदलली. काहीही झालं नाही. मग सी विंगचा व्हॉल्व्ह करकरला आणि पाइपमधून पाणी वर जाऊ लागलं. देवस्थळींनी पाइपवर तळहात ठेवला. तो गार होत गेला. त्यांना अगदी भरून आलं, आणि कोणी बघत नाही याचं जरा वाईटही वाटलं.

दुपारभर ते घरात कान देऊन बसले होते. सी विंगमधून गाणी आली, हसणं आलं, पंगत उठल्यावर भांड्यांचा आवाज आला. पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मीनलताई ओटी भरून परत आल्या, तेव्हा देवस्थळींनी विचारलं, पाण्याचं काही निघालं का. काही नाही, त्या म्हणाल्या, श्रीखंड चांगलं होतं.

संध्याकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सभा भरली. देवस्थळींनी निवेदन तयार केलं होतं. त्यात फळा होता, पेन ड्राइव्ह होता, जुनं आणि नवं होतं, आणि शेवटी नीतिमत्तेवर एक परिच्छेद होता. तो वाचताना आवाज कापू नये म्हणून त्यांनी आरशासमोर सराव केला होता. ठोसरांनी पहिला विषय वाचला आणि हिरामणशेठकडे पाहिलं.

"पाणी आलं का आज?" ठोसरांनी विचारलं.

"आलं ना," हिरामणशेठ म्हणाले, जणू भलताच प्रश्न आला होता.

मग चौकशीचं काय, असं ठोसरांनी विचारलं. चौकशी ऱ्हाऊ द्या, असं हिरामणशेठ म्हणाले. पण मिरच्यांचं ते विसरले नव्हते आणि विषयपत्रिकेवर देवस्थळींना दूर करायचंही लिहिलेलं होतं, त्यामुळे तो भाग घ्यावाच लागला. तर देवस्थळींच्या जागी कोण, असा प्रश्न आला. बी विंगने ए विंगकडे पाहिलं, ए विंगने चपलांकडे. ठोसर म्हणाले, मग असं करू या, आज यांना मोकळं करू आणि नवीन माणूस बघत राहू. दोन-चार हात वर जायलाही लागले. देवस्थळी निवेदन हातात घेऊन उभे राहिले. हेच तर त्यांना सांगायचं होतं, याच चुकीबद्दल होतं ते निवेदन. पण ठोसरांनी हाताने त्यांना थांबवलं, कारण हिरामणशेठ आधी उठले होते.

"आसं कसं चालंल?" हिरामणशेठ म्हणाले. "पयला नवा मानूस पुरा तयार करा. त्याला सगलं येतंय का बगा. मंग एका दिवशी याला काडा, त्याला बसवा. मदी मोकली जागा ठेवाल, तर पोरीच्या पोराच्या बारशाला पानी कोन सोडंल?"

सगळ्यांना ते इतकं पटलं की टाळ्या पडल्या. बी विंगमधल्या बाई म्हणाल्या, अनुभवाचं बोलणं वेगळंच असतं. ठोसरांनी ठराव लिहून घेतला : नवीन व्यक्ती पूर्णपणे तयार होईपर्यंत श्री. देवस्थळी यांनी काम चालू ठेवावे. सूचक, श्री. हिरामणशेठ. मग त्यांनी मान वर करून विचारलं, अनुमोदन कोणाचं?

देवस्थळी उभेच होते. त्यांनी निवेदनाची घडी घातली आणि म्हणाले, "माझं."